शार्ल द बूर्बाँ : वारसाहक्काच्या दाव्यातून घडलेली फितुरी

शिळाप्रेस (धागालेखक)

शार्ल द बूर्बाँ (१४९०–१५२७) हा फ्रान्सचा सरसेनापती होता, राजाच्या खालोखाल मानाची जागा त्याची होती, आणि तरीही वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी तो आपल्या राजाला सोडून शत्रूला, म्हणजे पवित्र रोमन सम्राट पाचव्या चार्ल्सला, जाऊन मिळाला. त्याच्या नावाला चिकटलेला ‘राजद्रोही’ हा शिक्का आजही पुसला गेलेला नाही. त्याची कथा बहुतेक ठिकाणी मानापमान, सूड आणि एका राजमातेचे धुडकावलेले प्रेम असा मसाला घालून सांगितली जाते. या सगळ्याच्या तळाशी वारसाहक्काचा एक दिवाणी दावा आहे, आणि तो नीट समजून घेतला की त्याच्या वागण्यातले पुष्कळसे गूढ उरत नाही, असे माझे मत आहे. त्याने केले ते योग्यच होते, असे मात्र मला म्हणायचे नाही.

बूर्बाँ घराणे म्हणजे नवव्या लुई राजाचा सर्वांत धाकटा मुलगा रॉबेर याचा वंश. रॉबेरने बूर्बाँची वारसदार कन्या बेआत्रीस हिच्याशी लग्न केले, आणि १३२७ मध्ये त्यांच्या मुलाला ड्यूक ही पदवी मिळाली. पुढच्या दोन शतकांत या घराण्याने सोयरिकी आणि राजाची मर्जी यांच्या जोरावर बूर्बोने, ओव्हेर्न्य, फोरे, बोज्योले, मार्श असा फ्रान्सच्या ऐन मध्यातला मोठा मुलूख जमवला आणि मूलँ येथे एखाद्या राजाला शोभेल असा दरबार थाटला. शार्ल मात्र या थोरल्या पातीतला नव्हता. तो मोंपान्सिए नावाच्या धाकट्या पातीतला, आणि तिथेही दुसरा मुलगा. त्यामुळे जन्माच्या वेळी त्याच्या वाट्याला फारसे काही येईल असे कोणाला वाटण्याचे कारण नव्हते. त्याचा बाप जिल्बेर नेपल्सचा कारभारी असताना १४९६ मध्ये इटलीतच वारला, आणि थोरला भाऊ लुई १५०१ मध्ये नेपल्समध्येच गेला. अकराव्या वर्षी शार्ल आपल्या पातीचा कर्ता पुरुष झाला.

इकडे थोरल्या पातीचा शेवटचा ड्यूक पिएर १५०३ मध्ये वारला आणि मागे एकुलती एक मुलगी राहिली, सुझान. पिएरची पत्नी आन ही अकराव्या लुईची कन्या. तिने आपल्या अल्पवयीन भावाच्या वतीने अनेक वर्षे फ्रान्सचा कारभार पाहिला होता आणि राजकारणात ती भल्याभल्यांना पुरून उरणारी होती. तिच्या लग्नाच्या करारात अट होती की पुत्रसंतान न झाल्यास बूर्बाँचा मुलूख राजाकडे जाईल. ही अट बाराव्या लुईने १४९८ मध्ये मागे घेतली आणि सुझानचा वारसा मान्य केला. त्यावर शार्लने घराण्यातला पुरुष वारस म्हणून आपला हक्क पुढे केला. सुझानची सोयरीक तोवर आलान्सोंच्या ड्यूकशी ठरलेली होती. ती मोडून आनने १५०५ मध्ये तिचे लग्न शार्लशीच लावून दिले, आणि नवराबायकोने आपापले हक्क परस्परांच्या नावे करून टाकले. अशा रीतीने दोन पात्यांचे भांडण बोहल्यावर मिटले, निदान तेव्हा सर्वांना तसे वाटले.

पुढची पंधरा वर्षे चढत्या कमानीची आहेत. १५०९ मध्ये आन्यादेल्लोची लढाई, १५१५ च्या जानेवारीत नव्या राजाने, पहिल्या फ्रान्स्वाने, दिलेले सरसेनापतिपद, आणि त्याच वर्षी मारिन्यानोचा विजय, ज्यात त्याचा धाकटा भाऊ कामी आला. त्याला मिलानचा कारभारही मिळाला, पण १५१६ मध्ये त्याला तिथून परत बोलावण्यात आले, आणि तिथे स्वतःच्या पदरचा केलेला खर्च त्याला कधीच परत मिळाला नाही. १५१७ मध्ये मूलँला त्याच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. राजा स्वतः धर्मपिता म्हणून आला होता, आणि पंगतीला मखमली पोशाख घातलेले, गळ्यात सोन्याच्या साखळीचे तीन-तीन पदर मिरवणारे पाचशे सरदार वाढपी म्हणून उभे होते, असे वर्णन केले जाते. राजाला आपल्या चाकराचे हे वैभव खुपले असेल तर नवल नाही. ते मूल काही महिन्यांतच गेले. १५२१ च्या मोहिमेत परंपरेने सरसेनापतीकडे असणारी आघाडीची फळी राजाने आलान्सोंच्या ड्यूकला दिली. ज्याची सोयरीक मोडून शार्लला सुझान मिळाली होती तोच हा आलान्सों, आणि आता तो राजाचा मेहुणा झालेला होता.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुझान निपुत्रिक वारली. तिने आपले सर्वस्व मृत्युपत्राने नवऱ्याला दिले होते. पण राजमाता लुईज द साव्वा हिने, आपण सुझानची आतेबहीण आणि म्हणून सर्वांत जवळच्या रक्ताची वारस आहोत, असा दावा लावला. राजाने स्वतंत्रपणे, हा मुलूख राजघराण्याने दिलेला असून पुरुष वारसाअभावी तो परत आला पाहिजे, असा दावा केला. सासू आन शेवटपर्यंत जावयाच्या बाजूने उभी राहिली, पण १५२२ च्या नोव्हेंबरात तीही गेली. ऑगस्ट १५२३ मध्ये पॅरिसच्या पार्लमेंटने, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने, निकाल लांबणीवर टाकून मिळकतीवर जप्ती बसवली.

तोपर्यंत शार्लचे दुसरीकडे बोलणे पक्के झाले होते. जुलैमध्ये मोंब्रिझों येथे रात्री सम्राटाचा वकील त्याला गुप्तपणे भेटला. सम्राटाची विधवा बहीण एलेओनोर शार्लला द्यायची, इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने उत्तरेकडून यायचे, सम्राटाने दक्षिणेकडून, आणि शार्लने मधून उठाव करायचा, असा तो बेत. हेन्रीला फ्रान्सचा राजा मानण्याच्या कलमावर मात्र त्याने आढेवेढे घेतले. नॉर्मंडीतल्या दोन सरदारांनी एका बिशपपुढे पापनिवेदन करताना कटाची वाच्यता केली, त्या बिशपने ते सुभेदार लुई द ब्रेझे याला सांगितले आणि त्याने राजाला कळवले. राजा मूलँला आला तेव्हा शार्ल आजाराचे सोंग घेऊन पडला होता. राजाने कटाची माहिती असल्याचे सांगून त्याला समेटाची संधी दिली. त्याने मागाहून येतो असे वचन दिले आणि शांतेलच्या किल्ल्यात जाऊन बसला. तिथून त्याने दुसऱ्या एका बिशपमार्फत निरोप धाडला की मिळकत परत द्या, मी आयुष्यभर इमानाने चाकरी करीन. त्या निरोपात मानापमानाचा शब्द नाही, आघाडीच्या फळीचाही नाही. मागणी एकच, मिळकत. राजाने बिशपलाच अटक केली. मग सप्टेंबरच्या एका रात्री शार्ल निवडक माणसांसह बाहेर पडला, आणि पुढे सोबत्यांनाही निरोप देऊन, पोंपेरां नावाच्या सरदाराचा नोकर बनून, आडवाटांनी रोन नदी ओलांडत सम्राटाच्या मुलखात पोहोचला. घोड्यांना उलटे नाल ठोकले होते ही गोष्ट बहुधा मागाहून जोडलेली असावी. राजाच्या माणसाने त्याच्याकडे सरसेनापतीची तलवार आणि सेंट मायकेलच्या पदकाची माळ परत मागितली, तेव्हा तलवार तर आघाडीची फळी काढून घेतली त्या दिवशीच राजाने घेतली आणि माळ शांतेलला उशीखाली आहे, असे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. त्याच्या मुलखात एकही गाव उठले नाही.

यापुढचा भाग युद्धाचा आहे आणि तो थोडक्यात आटोपतो. १५२४ मध्ये त्याने फ्रेंच सैन्याला इटलीतून हुसकावले, त्याच वर्षी प्रोव्हान्सवर चाल केली, पण मार्सेच्या वेढ्यात हात पोळून परत फिरला. हिवाळ्यात जर्मनीत जाऊन त्याने भाडोत्री फौज उभी केली, आणि २४ फेब्रुवारी १५२५ रोजी पाव्हियाच्या लढाईत राजा फ्रान्स्वा कैद झाला. राजाला पडलेल्या घोड्याजवळ गाठणाऱ्यांत तोच पोंपेरां होता. त्याने शार्लला शरण जाण्याचे सुचवले, तेव्हा राजाने ते साफ नाकारले आणि नेपल्सच्या व्हाइसरॉयला, लान्वाला, बोलावून त्याच्या हाती तलवार दिली. १५२६ च्या माद्रिदच्या तहात एलेओनोर शार्लऐवजी फ्रान्स्वाला देण्याचे ठरले, शार्लची मिळकत परत करण्याचे कलम कागदावर राहिले, आणि सुटका होताच राजाने सगळा तहच झुगारून दिला. शार्लच्या हाती उरले ते मिलान देण्याचे आश्वासन आणि पगार थकलेली फौज.

रोमवर तो चालून गेला की त्याची फौज त्याला घेऊन गेली, हे सांगणे अवघड आहे. मार्च १५२७ मध्ये जर्मन शिपायांचा लाडका सेनापती फ्रुंड्सबेर्ग बंडखोरांची समजूत काढतानाच पक्षाघाताने कोसळला. लान्वाने पोपशी तह केला, तो शिपायांनी मानला नाही. तोफा मागे टाकून, उपाशीपोटी, लुटीच्या आशेवर ही फौज ५ मे रोजी रोमपुढे उभी राहिली. तट फोडायला तोफा नव्हत्या, थांबायला अन्न नव्हते. तेव्हा द्राक्षमळ्यांच्या कुंपणांचे वासे बांधून शिड्या केल्या आणि ६ मेच्या पहाटे टायबरकाठच्या दाट धुक्यात हल्ला चढवला. धुक्यामुळे तटावरच्या तोफांना नेम धरता येईना. शार्लने चिलखतावर पांढरा अंगरखा घातला होता, एका हाताने शिडी धरून तो दुसऱ्या हाताने शिपायांना पुढे बोलावत होता, आणि तेवढ्यात तोड्याच्या बंदुकीची गोळी त्याला लागली. ती आपल्याच टोळीने झाडली, असे सोनार-शिल्पकार बेन्व्हेनुतो चेल्लिनीने आत्मचरित्रात सुचवले आहे. चेल्लिनीच्या बढाया ज्यांना ठाऊक आहेत त्यांनी त्याचे काय ते मोल ठरवावे. शार्ल त्याच दिवशी मेला, वय ३७. सेनापती नसलेल्या फौजेने रोमची जी लूट आणि कत्तल केली ती सर्वश्रुत आहे. पोपच्या १८९ स्विस रक्षकांपैकी १४७ त्या दिवशी कापले गेले, आणि आजही नवे स्विस रक्षक शपथ घेतात ती ६ मे रोजीच.

गोदाकाठ

लेख एका बैठकीत वाचून काढला. राजमातेच्या प्रेमाचा उल्लेख आपण केलात, पण पुढे तो धागा सोडून दिलात. लुईज त्याच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी होती, सुझान गेल्यावर तिने लग्नाचा प्रस्ताव धाडला आणि त्याने तो अपमानकारक शब्दांत नाकारला, असे सर्वत्र वाचायला मिळते. हे कितपत खरे मानायचे?

शिळाप्रेस (धागालेखक)

लग्नाची बोलणी झाली असणे अगदी शक्य आहे, कारण तसे झाले असते तर दावाच निकालात निघाला असता. १५०५ मध्ये आनने नेमके हेच केले होते. मात्र त्यासाठी प्रेमाची गरज नव्हती. पंचेचाळिशीतल्या, राज्य हाकणाऱ्या विधवेने एवढी मोठी मिळकत शांतपणे ताब्यात घेऊ पाहिली, हे पुरेसे कारण आहे. प्रेमभंगाची कथा तिच्या शत्रूंच्या सोयीची होती आणि नंतर कादंबरीकारांच्या, म्हणून मी ती बाजूला ठेवली.

कोर्टाची पायरी

माझा व्यवसाय वकिलीचा असल्याने दाव्याचा भाग दोनदा वाचला. एक गोष्ट खटकते ती अशी की मायलेकांचे दावे एकमेकांना छेद देणारे आहेत. आई म्हणते की मिळकत स्त्रीमार्फत उतरू शकते आणि जवळचे रक्त मीच. मुलगा म्हणतो की ती पुरुष वारसाअभावी राजाकडेच गेली पाहिजे. आईचे म्हणणे खरे धरले तर मुलाचा दावा पडतो, आणि मुलाचे धरले तर आईचा. शिवाय पुरुष वारस हाच निकष असेल तर तो समोर जिवंत उभा होता. सुझानच्या बापाच्या चुलतभावाचा मुलगा, थेट पुरुषवंशातला. हा विरोध कोणी मांडलाच नाही काय?

शिळाप्रेस (धागालेखक)

आपण नेमके बोट ठेवलेत. शार्लतर्फे फ्रान्स्वा द मोंतोलों उभा राहिला, राजमातेतर्फे गीयोम प्वाये आणि राजातर्फे पिएर लिझे. शार्लच्या बाजूचा आधार भक्कम होता: घराण्यातली पुरुषवंशाची वहिवाट, १५०५ चा विवाहकरार आणि सुझानचे मृत्युपत्र. अडचण अशी की ही सगळी मिळकत एका जातीची नव्हती. काही भाग राजाने तोडून दिलेला, काही सोयरिकीतून आलेला, काही स्त्रियांमार्फत उतरलेला, आणि दोंब नावाचा तुकडा तर फ्रान्सच्या राज्यातच मोडत नव्हता, तो साम्राज्यातला. प्रत्येक तुकड्याचा वारसाहक्क वेगळा. त्यामुळे मायलेकांचे दावे परस्परविरोधी असले तरी दोघे मिळून सगळा मुलूख व्यापत होते, आणि जे आईला मिळेल ते अखेर मुलाकडेच येणार होते. जप्तीचा हुकूम झाला तो या पार्श्वभूमीवर. न्यायाधीशांना शार्लविरुद्ध निकाल देणे कायद्याने जड जात होते आणि राजाविरुद्ध देणे व्यवहाराने, असा माझा तर्क आहे. पुढे तिन्ही वकील चढले: लिझे पार्लमेंटचा मुख्य न्यायाधीश झाला, प्वाये चॅन्सेलर झाला, आणि १५४२ मध्ये प्वाये पदच्युत झाल्यावर राजमुद्रा ज्याच्या हाती सोपवली गेली तो हाच मोंतोलों. राजाविरुद्ध वकिली केल्याचा त्याच्यावर डाग राहिला नाही, ही फ्रान्स्वाच्या बाजूने नोंदवण्यासारखी गोष्ट आहे.

मंद्रसप्तक

अभ्यासपूर्ण लेखन आहे, तरी माझे मत थोडे वेगळे आहे. दाव्यात अन्याय झाला हे मान्य. पण अन्याय झालेला प्रत्येक सरदार शत्रूला राजाच्या राज्याची वाटणी करून देत नाही. आपल्याच लेखातला क्रम पाहावा: गुप्त तह जुलैतला आहे आणि जप्ती ऑगस्टमधली. म्हणजे न्यायालयाने काही करण्यापूर्वीच त्याने सौदा केला होता. त्याच्याच काळातल्या लोकांनी त्याला काय मानले तेही बोलके आहे. १५२४ मध्ये सेझिया नदीजवळ मरणोन्मुख पडलेल्या बायार या नावाजलेल्या फ्रेंच सरदाराने, माझी कीव करू नका, राजा आणि शपथ यांच्याविरुद्ध लढणाऱ्या तुमची कीव मला येते, या अर्थाचे उत्तर त्याला दिल्याचे प्रसिद्ध आहे. आणि टोलेडोत त्याला उतरायला घर देण्याची विनंती सम्राटाने व्हिलेनाच्या मार्क्विसला केली, तेव्हा आपली आज्ञा शिरसावंद्य, पण तो गेल्यावर मी ते घर जाळून टाकीन, असे तो बोलल्याची हकीकत त्या काळचा इटालियन इतिहासकार ग्विच्चार्दिनी याने दिली आहे. ज्या सम्राटासाठी त्याने सर्वस्व सोडले त्याच्याच सरदारांना तो नकोसा होता.

शिळाप्रेस (धागालेखक)

तारखांचा मुद्दा बिनतोड आहे. सम्राटाशी त्याचे बोलणे तर जुलैच्याही कितीतरी आधीपासून चालू होते. माझे म्हणणे एवढेच की दावा कोणत्या दिशेने चालला आहे हे कळायला त्याला निकालाची गरज नव्हती. राजाने त्यातल्या काही मुलखासाठी आईकडून निष्ठेची शपथ घेऊन तो तिला देऊनही टाकला होता. बायारचे बोल जसेच्या तसे खरे असतील असे नाही, पण त्या पिढीला ते पटले हे खरे. त्याच्या बाजूने एवढे म्हणता येईल की चाकरी आणि संरक्षण हा दुहेरी करार आहे, धन्याने तो मोडला तर चाकर मोकळा होतो, ही समजूत त्याच्या आजोबांच्या पिढीपर्यंत चालून जात होती. असे सरदार उठायचे, हरायचे, माफी मागायचे आणि पुन्हा मुलूख मिळवायचे. १५२३ मध्ये तो हिशेब चुकला.

अवांतर पण या मुद्द्याला लागून: त्याच्या मागोमाग घराण्याचे प्रमुखपद ज्याच्याकडे गेले तो व्हान्दोमचा शार्ल राजाशी एकनिष्ठ राहिला आणि राजा कैदेत असताना राजमातेच्या मंत्रिमंडळाचा प्रमुख झाला. फ्रान्सच्या गादीवर १५८९ मध्ये आलेला चौथा हेन्री याच व्हान्दोमचा नातू. म्हणजे पुढे राज्य केलेले बूर्बाँ राजे हे आपल्या या शार्लचे वंशज नव्हेत.

नर्मदापार

मी भोपाळमध्ये वाढलो. तिथले बूर्बाँ घराणे याच सरसेनापतीच्या कुळातले असल्याचे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. यात काही तथ्य आहे का?

शिळाप्रेस (धागालेखक)

भोपाळचे बूर्बाँ हे खरेच आहेत, प्रश्न आहे तो दुव्याचा. शहजाद मसीह या नावाने ओळखला जाणारा बाल्थाझार बूर्बाँ हा कुदसिया बेगमच्या काळी भोपाळ दरबारातला वजनदार माणूस होता, आणि जॉन माल्कमने मध्य हिंदुस्थानावरच्या आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली आहे. घराण्याच्या परंपरेनुसार त्यांचा मूळ पुरुष जाँ-फिलिप द बूर्बाँ १५६० च्या सुमारास अकबराच्या दरबारी आला. मात्र सरसेनापतीला सुझानपासून झालेली मुले तान्हेपणीच गेली आणि त्याने दुसरे लग्न केले नाही. १५२७ आणि अकबराचा दरबार यांच्यामध्ये कागदोपत्री काहीही हाती लागत नाही. मुघल आणि मराठे यांच्या पदरी युरोपातून आलेल्या कितीतरी सैनिकांनी आपल्यामागे मोठी घराणी लावून घेतली होती. हे त्यातले नसेलच असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

गोदाकाठ

कटातल्या इतर लोकांचे काय झाले? राजाने त्यांच्यावर सूड उगवला का?

शिळाप्रेस (धागालेखक)

तुलनेने फार नाही. सर्वांत गाजलेले प्रकरण सें-व्हालिए याचे. त्याला मृत्युदंड झाला, फेब्रुवारी १५२४ मध्ये पॅरिसच्या प्लास द ग्रेव्हवर वधस्तंभापर्यंत नेले, आणि तिथे राजाचे माफीपत्र येऊन शिक्षा कैदेवर आली. त्याची मुलगी म्हणजे पुढे दुसऱ्या हेन्रीची प्रेयसी म्हणून गाजलेली दियान द प्वातिए, आणि तिचा नवरा म्हणजे ज्याने कटाची बातमी राजाला कळवली तो लुई द ब्रेझे. जावयाच्या चुगलीत सासराही सापडला. माफीसाठी दियानने राजाला वश केले ही कथा आपल्याला वाचायला मिळेल, पण ब्रेझेची सेवा हेच माफीचे पुरेसे कारण होते.

खुद्द शार्लवर तो मेल्यानंतर, जुलै १५२७ मध्ये, पार्लमेंटने राजद्रोहाचा निकाल दिला आणि मिळकत जप्त ठरवली. राजमातेच्या मृत्यूनंतर ती कायमची राजाकडे खालसा झाली. पॅरिसमधल्या लूव्हरशेजारच्या त्याच्या वाड्याची दारे फितुराची खूण म्हणून पिवळ्या रंगाने रंगवली, असे सांगतात. वाडा मात्र सगळा पाडला नाही, त्याचे मोठे दालन फारच उपयोगाचे होते. १६१४ ची ‘एस्टेट्स जनरल’, म्हणजे राज्यातल्या तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा, तिथेच भरली, १६५८ पासून मोलिएरच्या नाटक मंडळीने तिथे प्रयोग केले, आणि १६६० मध्ये लूव्हरच्या विस्तारासाठी ती जागा मोकळी करण्यात आली. शार्लच्या बहिणीने, लुईजने, वर्षानुवर्षे मागणी लावून धरून मोंपान्सिएचा मूळ मुलूख अखेर परत मिळवला, आणि तिच्या मुलापासून मोंपान्सिएच्या ड्यूकांची नवी पाती सुरू झाली.